बुडू शकेल अशी वाट

पुण्यात विठ्ठलवाडीच्या देवळामागून मुठा नदीकडे उतरलं की दोन मिनिटांत सिंहगड रस्ता मागे पडतो. हॉर्न ऐकू येतात, पण दुसऱ्या कुणाच्या घरातला टीव्ही ऐकू यावा तसे. मी वडिलांना घेऊन आठवड्यातून दोनदा तरी इथे येते. नाना एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, हातात काठी असते, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. आमच्या घरासमोरच्या फुटपाथवर त्यांना चालता येत नाही. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी तो फूटभर खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा फूटभर चढतो. शंभर पावलांत सात-आठ वेळा ते चढ-उतार करायचे, मध्येच उभ्या केलेल्या दुचाकीला वळसा घालून रस्त्यावर यायचं, पुन्हा वर चढायचं. नदीकाठी तसं काही नाही. माती आहे, थोडी वाळू आहे, पावलांनी पडलेली वाट आहे. नाना तिथे माझ्यापुढे चालतात.

गेल्या हिवाळ्यात एका उंबराखाली ते थांबले आणि काठी वर केली. फांद्यांना प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या, एका साडीचा फाटका काठ असं बरंच काही लोंबत होतं, सगळं साधारण एकाच उंचीवर. काठीचं टोक तिथवर पोहोचलं नाही. "बघ, पाणी इथवर होतं," नाना म्हणाले. "म्हणजे आत्ता आपण पाण्याखाली उभे आहोत." मग काठी टेकून पुढे निघाले.

नदीकाठी फिरायला वाट हवी की नको, हा आता पुण्यात प्रश्नच राहिलेला नाही. सगळ्यांना ती हवी आहे. महापालिकेला हवी आहे, तिच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांनाही हवी आहे. वाद ती कशी असावी याचा आहे, आणि माझ्या मते तो एका साध्या प्रश्नाशी येऊन थांबतो: ही वाट वर्षातून काही दिवस पाण्याखाली गेली तर चालेल का? मी म्हणते, चालेल. नुसतं चालेल असं नाही, ती पाण्याखाली जाऊ शकेल अशीच असली पाहिजे. बारा महिने कोरडी राहणारी वाट नदीकाठी करायची म्हटली की तिच्यासाठी नदीची जागा घ्यावी लागते, आणि ती घेतली की उरतो तो कालवा.

आधी हे मान्य करते की नदीकाठची वाट ही चैन नाही. पुणं टेकड्यांचं शहर आहे. पर्वती, वेताळ टेकडी, तळजाई चढायला मजा येते, पण त्या ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांच्यासाठी. सपाट, लांब आणि न तुटणारी चाल या शहरात फक्त नदीच्या काठाने मिळू शकते. पाणी आपला उतार स्वतः शोधतं आणि तो इतका सौम्य असतो की सायकलवरच्या मुलाला तो जाणवतही नाही. दुसरी गोष्ट पुलांची. राजाराम पूल, म्हात्रे पूल, एस. एम. जोशी पूल, लकडी पूल, शिवाजी पूल, डेंगळे पूल: वरून जाताना प्रत्येकाच्या तोंडाशी सिग्नल आहे, खालून गेलं तर एकही नाही. एकेकाळी या शहराला सायकलींचं शहर म्हणत. नाना डेक्कनवरून खडकीला कारखान्यात सायकलने जायचे, डबा हँडलला अडकवून. आज माझी भाची सायकल घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्येच गोल गोल फिरते, कारण तिच्या आईला रस्त्याची भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. तिला आणि नानांना एकाच वाटेवर पाठवता येईल अशी शहरातली एकमेव जागा म्हणजे नदीकाठ. म्हणूनच ती वाट चुकीची झाली तर मला फार वाईट वाटेल. ती जागा एकदाच मिळते.

आता चालू असलेल्या कामाकडे वळू. पुणे महापालिकेचा नदीकाठ सुधार प्रकल्प 44 किलोमीटरचा आहे: मुळेचे सुमारे 22, मुठेचे 10 आणि संगमानंतरच्या मुळा-मुठेचे 12. खर्चाचा अंदाज सुमारे 4,700 कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरला शंभर कोटींहून जास्त. आराखडा साबरमतीचा नदीकाठ करणाऱ्या अहमदाबादच्याच संस्थेने केला. 6 मार्च 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं, त्याच दिवशी मेट्रोचंही उद्घाटन होतं. सुरुवातीचं काम संगम पूल ते बंडगार्डन आणि तिथून पुढे मुंढव्यापर्यंत.

बंडगार्डनजवळचा तयार झालेला भाग मी पाहिला आहे. तिथे दगडी पिचिंगचे, म्हणजे दगड रचून बसवलेले, उतार आहेत, फरसबंदी आहे, पायऱ्या आहेत, बसायला जागा आहेत. संध्याकाळी लोक येतात, मुलं पळतात, म्हातारी माणसं बाकांवर बसतात. ते खूश दिसले आणि त्यांची खुशी मला खोटी वाटली नाही. पन्नास वर्षं या शहराने नदीकडे पाठ केली, घराचा मागचा दरवाजा नदीकडे, गटार नदीकडे, राडारोडा नदीकडे. अशा शहरात कुणी म्हणालं की चला, आपण नदीकडे तोंड करू, तर माणसं धावत येणारच. प्रकल्पाच्या बाजूने बोलणारे जेव्हा विचारतात की "आज जिथे डुकरं आणि कचरा आहे, तिथे बाग झाली तर तुमचं काय बिघडलं?", तेव्हा त्या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. नुसतं निसर्गाच्या नावाने हळहळून भागत नाही.

माझं उत्तर असं. कचरा काढायला भिंत लागत नाही. कचरा उचलावा लागतो. गटार थांबवायलाही काठ बांधावा लागत नाही, गटार वळवून त्यातलं पाणी शुद्ध करावं लागतं. त्यासाठी वेगळी योजना आहेच: जपानच्या अर्थसाहाय्याने 11 मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, दिवसाला एकूण 396 दशलक्ष लिटर क्षमतेची, सुमारे 990 कोटींची. तिला मंजुरी 2016 सालची. नदीकाठचं भूमिपूजन त्यानंतर सहा वर्षांनी झालं, तरी काठाचे दगड आधी बसले आणि पाणी अजून काळंच आहे. स्वयंपाक व्हायच्या आधी पानं मांडून बसल्यासारखं हे झालं. हेच पाणी पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं, उजनीत साठतं आणि पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वारकऱ्यांच्या ओंजळीत येतं. पुण्यातून पालखीला निरोप देताना रस्ते झाडणारं शहर त्याच वारकऱ्याला वाळवंटात काय देतं, हे आठवलं की मला बोलवत नाही.

पण समजा, पाणी शुद्ध झालं. तरीही काठाचा प्रश्न उरतोच. फिरायची वाट बारा महिने वापरता आली पाहिजे असं ठरवलं, की ती पुराच्या पातळीच्या वर न्यावी लागते. वर न्यायची तर भराव टाकावा लागतो. भराव ढासळू नये म्हणून दगड, काँक्रीट, जाळ्या येतात. आणि हे सगळं जिथे बसतं ती जागा पाण्याची असते. पात्र अरुंद होऊन पूर वाढेल, हा प्रकल्पावरचा मोठा आक्षेप आहे. पूरपातळी वाढणार नाही, असं महापालिकेचं म्हणणं आहे. त्यातले आकडे तज्ज्ञ राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणापुढे, मांडत आले आहेत. मी स्थापत्य अभियंता नाही. पण घरातल्या मोरीच्या तोंडाशी बादली ठेवली की पाणी कुठे चढतं, हे समजायला पदवी लागत नाही. आणि एखाद्या ठिकाणी पाणी चढलं नाही, तर ते वेगाने पुढे जातं. मग हडपसर, मांजरी, लोणी, थेऊर यांनी ते झेलायचं.

हा अनुभव नवा असता तर गोष्ट वेगळी. विठ्ठलवाडीच्या ज्या वाटेवर मी नानांना नेते, तिथूनच महामार्गाच्या दिशेने नदीपात्रात भराव टाकून रस्ता करायचं काम सुरू झालं होतं. एका जागरूक नागरिकाने ते याच न्यायाधिकरणापुढे नेलं आणि 2013 साली न्यायाधिकरणाने निळ्या पूररेषेच्या आतला भराव काढायला सांगितला. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा पाटबंधारे खात्याच्या नकाशावर आहेत. निळ्या रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम करू नये, बाग, मैदान, शेती असा मोकळा वापर चालेल, असा नियम आपल्याच राज्याने केलेला आहे. म्हणजे मी मागते आहे ती मातीची वाट नियमात आधीपासून बसते. ती मागणी काही बंडखोर माणसाची नाही.

25 जुलै 2024 च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. खडकवासला धरणातून सोडलेला विसर्ग त्या दिवशी सुमारे 35 हजार क्युसेकवर गेला, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. माझी एक मैत्रीण त्या भागात तळमजल्यावर राहते. दोन दिवसांनी आम्ही तिच्या घरी गाळ काढायला गेलो. फ्रिज आडवा पडला होता, त्याच्या दारावर मुलीने शाळेत मिळवलेलं चित्रकलेचं प्रशस्तिपत्रक चिकटवलेलं होतं, अक्षरं गेली होती, चिकटपट्टी तशीच. फावड्याने गाळ ओढताना तो किती जड असतो ते पहिल्यांदा कळलं. एक घमेलं भरून उचललं की खांद्यातून कळ येते. मैत्रीण रडली नाही. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अगं, रात्री झोपताना काहीच नव्हतं." 1961 च्या 12 जुलैला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नाना शाळेत होते, ते अजूनही असंच म्हणतात, की सकाळी काहीच नव्हतं. ज्या शहराने पानशेत पाहिलं आहे त्याने नदीकाठावर फूटभर भराव टाकतानाही हात थरथरू द्यावा, असं मला वाटतं.

कोरड्या वाटेचा हट्ट आपल्या जुन्या वहिवाटीत नाही, हेही सांगायला हवं. ओंकारेश्वराचा घाट, वृद्धेश्वर-सिद्धेश्वराचा घाट, वाईचे घाट, नाशिकचं रामकुंड ही सगळी नदीकाठची बांधकामंच आहेत, दगडाचीच आहेत. पण ती बुडण्यासाठी बांधलेली आहेत. पायऱ्या अशासाठी, की पाणी जिथे असेल तिथवर माणसाने जावं आणि पाणी वर आलं की माणसाने मागे सरावं. नाशिकला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला यावरून लोक गोदावरीचा पूर सांगतात, कमरेपर्यंत आला, छातीपर्यंत आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी किती फूट झालं, हे पावसाळ्यात पेपर यायच्या आधी चहाच्या टपरीवर कळतं. मारुती बुडाला म्हणून कुणी त्याला उंच चौथऱ्यावर नेऊन बसवलं नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: घाट होते, पण ते देवळापुढे, बाजारापुढे, पाणवठ्यावर, एवढ्यापुरतेच होते. एका घाटापासून दुसऱ्या घाटापर्यंत माती, शेत, वाळुंजाची झाडं, लव्हाळी. कुणीही दोन्ही काठांना सलग चाळीस किलोमीटर घाट बांधला नाही. पुरात झाडं उन्मळतात आणि लव्हाळी वाचते, ही शिकवण घरोघरी सांगणाऱ्या भाषेत आपण बोलतो.

आणि पुण्यात तर भिडे पूल आहेच. इतका ठेंगणा, की धरणातून पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो. दर पावसाळ्यात "भिडे पूल पाण्याखाली" ही बातमी येते, वाहतूक बंद होते, लोक शेजारच्या पुलांच्या कठड्याला टेकून पाणी बघतात, लेकरांना खांद्यावर घेऊन दाखवतात. पाणी ओसरलं की पूल धुतला जातो आणि वाहतूक सुरू होते. या पुलाला अनेकांनी नावं ठेवली. मला तो या शहरातला सर्वात समंजस पूल वाटतो. काही दिवस बंद, बाकी वर्षभर उपयोगी. आणि नदीशी त्याचं भांडण नाही. नदीपात्रातल्या रस्त्याचंही तेच: पाणी सोडायच्या आधी "पात्रातली वाहने काढून घ्या" असं जाहीर होतं, आणि लोक काढून घेतात. म्हणजे आठ-पंधरा दिवस एखादी वाट बंद असणं पुणेकरांना मुळीच नवीन नाही. मोटारींसाठी आपण जे निमूट सोसतो ते चालणाऱ्यांच्या वाटेला का चालू नये?

जगात काही शहरांनी याच प्रश्नावर उलटा प्रवास केला आहे. जर्मनीतल्या म्युनिकमधून इसार नदी वाहते, आल्प्समधून येणारी, पुराची. एकोणिसाव्या शतकापासून तिला सरळ करून, काठ बांधून कालव्यासारखं केलं होतं. 2000 ते 2011 या काळात त्या शहराने 8 किलोमीटरच्या पट्ट्यात बांधलेले काठ फोडले, पात्र रुंद केलं, गोटे आणि रेती परत पसरू दिली, पुराच्या बांधांची दुरुस्ती पात्रापासून मागे केली. खर्च सुमारे 35 दशलक्ष युरो. वरच्या गावांच्या मैलापाणी केंद्रांत अतिनील किरणांनी जंतू मारायची सोय झाली, म्हणून आता लोक उन्हाळ्यात त्या नदीत उतरतात. काठाने पायवाटा आणि सायकलच्या वाटा आहेत, बऱ्याचशा साध्या खडीच्या. पूर आला की रेतीचे उंचवटे जागा बदलतात, ओसरल्यावर लोक नव्या जागी चादर अंथरतात. ज्यांच्याकडे पैसा आहे, यंत्रं आहेत, शंभर वर्षांचा काठ बांधायचा अनुभव आहे, त्यांनी तो काठ पैसे खर्चून फोडला. आपण आता तो बांधायला निघालो आहोत.

साबरमतीचं उदाहरण नेहमी दिलं जातं, तेव्हा एक गोष्ट मागे राहते. तिथलं भरलेलं पात्र हे नर्मदेच्या कालव्यातून आणलेल्या पाण्याचं आहे. ती नदी पावसाळा सोडला तर बहुतेक कोरडी असायची. मुळा-मुठेचं तसं नाही. या सह्याद्रीच्या नद्या, डोक्यावर टेमघर, पानशेत, वरसगाव, खडकवासला, पलीकडे मुळशी आणि पवना. दोन दिवसांच्या पावसात धरणाची दारं उघडावी लागतात. साबरमतीला शोभलेला कपडा मुठेच्या अंगाला बसेलच असं नाही. शिवाय उन्हाळ्यातही काठोकाठ पाणी दिसावं म्हणून बंधाऱ्यांनी पाणी अडवायचं म्हणतात. मुठेत अडलेल्या पाण्याचं काय होतं हे फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणत्याही पुलावरून दिसतं: जलपर्णीचा हिरवा गालिचा आणि संध्याकाळी डासांचे ढग.

माझ्या मागणीवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते माझ्याच घरात निघतात. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाचं काय? हा सर्वात खरा आक्षेप आहे. ओल्या मातीत खुर्चीचं चाक रुततं, नानांची काठीसुद्धा रुतते. म्हणून सगळी वाट एकसारखी असू नये, असं मी म्हणते. जिथे काठ मुळातच उंच आहे, निळ्या रेषेच्या बाहेर आहे, तिथे दीड-दोन मीटर रुंदीची घट्ट, पायरी नसलेली वाट करावी. पेव्हर ब्लॉक बसवा, काही हरकत नाही. आणि खाली, पाण्याच्या अंगाला, दाबलेल्या मुरुमाची वाट, पावसाळ्यात वाहून गेली तर दसऱ्याआधी पुन्हा दाबून घ्यायची. मुरूम काही परदेशातून आणावा लागत नाही. दोन्ही वाटांना जोडणारे उतार मात्र हवेत, पायऱ्या नव्हेत. एवढं केलं तर खुर्ची वरून जाईल, सायकल खालून जाईल, आणि दोघांना नदी दिसेल.

बायकांच्या सुरक्षिततेचा आक्षेपही मी हलक्यात घेत नाही. मी स्वतः अंधार पडल्यावर तिथे थांबत नाही. पण निर्मनुष्य फरसबंदीवर लावलेला दिव्याचा खांब मला धीर देत नाही. धीर माणसांनी येतो. दर दोन-तीनशे मीटरवर वस्तीतून आत-बाहेर जायला वाट, तोंडाशी शहाळेवाला, भेळवाला, देवळातली संध्याकाळची आरती, बाजूच्या मैदानात खेळणारी पोरं, हे असेल तिथे मी जाईन. उंच भिंतीच्या खाली एक किलोमीटर सलग वाट, मधून वर यायला रस्ता नाही, ही रचना मला दिवसाढवळ्याही नको वाटेल. काठावरच्या वस्त्यांना हटवून केलेली वाट तर मुळीच नको. पहाटे पाचला तिथे जाग असते ती त्याच वस्त्यांची. दिवे प्रवेशापाशी आणि पुलांखाली असावेत. बाकी काठावर रात्री अंधार राहिला तर तिथल्या जीवांवर उपकार होतील.

ते जीव कोण, हे सांगायचा मोह आवरत नाही. नानांना पक्ष्यांची नावं येतात. काळ्या पाण्यातसुद्धा लांब लाल पायांचे शेकाटे चालत असतात, ढोकरी दगडासारखी बसलेली असते आणि उडाली की पांढरीशुभ्र होते, खंड्या तारेवरून सूर मारतो. हिवाळ्यात थापट्या बदकं येतात. येरवड्याजवळ डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणून ओळखला जाणारा काठ आहे, पक्षीनिरीक्षकांच्या पिढ्या तिथे घडल्या. या पक्ष्यांना उथळ चिखल लागतो, पाण्यावर झुकलेली फांदी लागते, ढासळता मातीचा काठ लागतो; खंड्या त्या काठातच बीळ करून अंडी घालतो. दगडी पिचिंगच्या उतारात बीळ करता येत नाही. प्रकल्पात झाडं तोडणार आणि त्याहून जास्त लावणार, असं सांगितलं जातं. पण नदीकाठचा वाळुंज काढून वर कुंडीबंद ओळीत काही लावलं तर आकडा जुळेल, काठ जुळणार नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये या झाडांसाठी पुणेकर चिपको म्हणत रस्त्यावर आले, तेव्हा नानांना यायचं होतं. उन्हामुळे मी नेलं नाही. याची मला अजून रुखरुख आहे.

मग एवढी साधी गोष्ट होत का नाही? माझ्या समजुतीप्रमाणे याचं कारण पैशाच्या वाटेत आहे. बांधकामाला निविदा निघते, घनमीटर मोजता येतात, मोजमाप वहीत भरता येतात, बिल निघतं, फीत कापता येते. गाळ काढणं, फांद्यांवरच्या पिशव्या उतरवणं, मुरूम दाबणं, राडारोडा टाकणाऱ्या डंपरला रात्री अडवणं, ही देखभाल आहे. तिला फीत नसते. ती दर वर्षी करावी लागते आणि दर वर्षी अंदाजपत्रकात तिच्यासाठी भांडावं लागतं. म्हणून शंभर कोटींचा किलोमीटर मंजूर होतो आणि त्या किलोमीटरला एक मुकादम आणि सहा माणसं कायमची मिळत नाहीत. बुडणारी वाट स्वस्त आहे, पण तिला माणसं लागतात. मला वाटतं शहराने तोच खर्च आनंदाने करावा, कारण तो इथल्याच हातांच्या मजुरीत जातो.

विठ्ठलवाडीत आणि औंधला राम नदी आणि मुळेच्या संगमाजवळ नागरिकांनी "दत्तक घेऊया नदीकिनारा" म्हणत वर्षानुवर्षं रविवारी जमून काठ साफ केला आहे. जीवितनदी या संस्थेने ते सुरू केलं. तिथे गेलात तर दिसेल की मोठं काही केलेलं नाही. कचरा काढला, झाडांची नावं शिकली, मुलांना पाण्यापर्यंत नेलं. वाट आपोआप पडली. स्वयंसेवकांच्या रविवारवर 44 किलोमीटर उभे राहणार नाहीत, हे मलाही कळतं. म्हणून हे काम महापालिकेनेच करावं असा माझा आग्रह आहे. फक्त वाट कशी पडते हे तिने तिथे येऊन पाहावं.

राजाराम पूल ते म्हात्रे पूल एवढा एक पट्टा महापालिकेने तीन पावसाळ्यांसाठी असा करून पाहावा. भराव नाही, भिंत नाही. वर जमेल तिथे घट्ट वाट, खाली मुरूम, मधे उतार, वाळुंज-करंज-उंबर आहेत तिथेच. वर्षातून किती दिवस वाट बंद राहिली, परत सुरू करायला किती मजूर आणि किती पैसे लागले, किती लोक चालले, त्यात म्हातारी किती आणि पोरं किती, हे रोज वहीत लिहून प्रभाग कार्यालयाबाहेर लावावं. मग तो आकडा शंभर कोटींच्या किलोमीटरशेजारी ठेवून लोकांनाच विचारावं. विसर्गाची सूचना आली की वाटेच्या प्रत्येक तोंडाशी आडकाठी पडली पाहिजे आणि पाणी ओसरेपर्यंत तिथे एक माणूस उभा राहिला पाहिजे. हे काम शिकवावं लागणार नाही. भिडे पुलावर दर पावसाळ्यात बॅरिकेड लावणारे आणि पाऊस थांबल्यावर ते काढून पूल धुणारे हात महापालिकेकडे आहेतच. त्यांच्या हाती आणखी आठ-दहा आडकाठ्या द्यायच्या आहेत.